जॅक काइल : आयर्लंडचे फ्लाय-हाफ आणि चिंगोलाचे सर्जन – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रग्बीविषयी मराठीत फारसे लिहिले जात नाही आणि जे लिहिले जाते ते बहुधा न्यूझीलंडच्या हाका नृत्यापाशी सुरू होऊन तिथेच संपते. त्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यावर खेळलेल्या आणि त्यानंतरचे अर्धे आयुष्य आफ्रिकेतल्या एका खाणीच्या गावात शस्त्रक्रिया करण्यात घालवलेल्या जॅक काइल यांच्याबद्दल कुतूहल निर्माण झालेल्या वाचकाला प्राथमिक प्रश्नांपासूनच सुरुवात करावी लागते. असे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

जॅक काइल कोण होते?

जॉन विल्सन काइल यांचा जन्म १९२६ साली बेलफास्टमध्ये झाला. वर्तमानपत्रे त्यांना कधी जॅक, तर कधी जॅकी म्हणत. बेलफास्ट रॉयल अकॅडमीत शालेय शिक्षण झाल्यावर त्यांनी क्वीन्स विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घेतले आणि १९५१ साली ते डॉक्टर झाले. दरम्यान १९४७ पासून ते आयर्लंडच्या राष्ट्रीय संघातून खेळू लागले होते. १९५८ साली स्कॉटलंडविरुद्ध शेवटचा सामना खेळेपर्यंत त्यांच्या नावावर ४६ आंतरराष्ट्रीय सामने जमा झाले, जो आयर्लंडपुरता त्या काळचा विक्रम होता. याशिवाय १९५० साली ब्रिटन आणि आयर्लंडच्या संयुक्त संघातून, म्हणजे लायन्समधून, त्यांनी न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियाविरुद्ध सहा कसोटी सामने खेळले. २८ नोव्हेंबर २०१४ रोजी काउंटी डाउनमधल्या ब्रायन्सफोर्ड येथे वयाच्या ८८व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

फ्लाय-हाफ म्हणजे नेमका कोण?

रग्बी युनियनच्या पंधरा जणांच्या संघात आठ फॉरवर्ड असतात आणि सात बॅक. फॉरवर्डांनी स्क्रममध्ये खांद्याला खांदा भिडवून जिंकलेला चेंडू स्क्रम-हाफ उचलतो आणि बहुतेक वेळा पहिला पास फ्लाय-हाफकडे देतो. तो हातात आल्यावर धावायचे, पुढच्याला द्यायचे की लाथेने दूर उडवायचे, हे फ्लाय-हाफला समोरून चालून येणारी माणसे पोहोचण्याआधी ठरवावे लागते. चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही, तो नेहमी मागे किंवा बाजूलाच द्यावा लागतो, ही अट लक्षात घेतली की या जागेची अडचण कळते : डोळे पुढे लावायचे आणि हात मागे चालवायचे.

ज्याने खो-खोतला चांगला पळणारा पाहिला आहे त्याला काइल यांचा खेळ समजायला जड जाऊ नये. धावणाऱ्याने खांदा एका बाजूला झुकवावा, पाठलाग करणाऱ्याचा तोल तिकडे जावा आणि त्याच क्षणी याने दुसरीकडून निसटावे, यालाच आपण हुलकावणी म्हणतो. काइल यांचे सारे कसब त्या अर्ध्या पावलाच्या हुलकावणीत होते. अंगाने ते दांडगे नव्हते आणि धक्का मारून वाट काढण्याच्या भानगडीतही पडत नसत.

४६ सामन्यांत फक्त सात ट्राय? मग थोर कशासाठी?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि तो रास्तही आहे. आयर्लंडसाठी काइल यांनी सात ट्राय आणि एक ड्रॉप गोल केला. चेंडू गोलरेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला की ट्राय होतो, आणि त्याचे तेव्हा तीनच गुण मिळत. हातातून सोडलेला चेंडू जमिनीवरून उसळताच लाथेने गोलखांबांमधून मारला की ड्रॉप गोल होतो. सात ट्रायचे २१ आणि ड्रॉप गोलचे तीन मिळून बारा हंगामांत अवघे २४ गुण होतात. आजचा फ्लाय-हाफ एखाद्या बऱ्या दुपारी यातले बरेचसे गुण एका सामन्यात काढतो. मात्र त्यात पेनल्टी आणि कन्व्हर्जनच्या (ट्रायनंतर जादा गुणांसाठी मारलेल्या) किकचा वाटा मोठा असतो, आणि काइल यांच्या संघात गोलकडे किक मारण्याचे काम इतरांकडे होते.

नियमांचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. लाइनआउटच्या वेळी, म्हणजे बाजूच्या रेषेबाहेर गेलेला चेंडू फॉरवर्डांच्या दोन रांगांमध्ये फेकून खेळ पुन्हा सुरू होताना, दोन्ही संघांच्या बॅकना दहा यार्ड मागे उभे राहण्याची सक्ती १९६४ साली आली. त्याआधी बचाव करणारे जवळजवळ नाकासमोर उभे असत, त्यामुळे चेंडू आणि टॅकल फ्लाय-हाफपर्यंत एकदमच पोहोचत. मैदानाच्या कोणत्याही भागातून चेंडू थेट टचबाहेर, म्हणजे बाजूच्या रेषेपलीकडे, मारण्याची मुभा असल्यामुळे बहुतेक संघ हातात आलेला चेंडू सरळ बाहेर घालवून मोकळे होत. चेंडू कातड्याचा असे. आयर्लंडच्या हिवाळी पावसात तो भिजून जड होई. शिवाय जखमी खेळाडूच्या जागी दुसरा उतरवण्याची सोय नव्हती, त्यामुळे एखादा जायबंदी झाला की उरलेल्यांनी तसेच निभावायचे.

या परिस्थितीत काइल यांनी निवडलेला मार्ग वाट पाहण्याचा होता. तासभर किक, पास, पुन्हा किक असे साधे, काहीसे कंटाळवाणे काम करत राहायचे. प्रतिस्पर्ध्याच्या फ्लँकरला, म्हणजे स्क्रमच्या कडेवरून सुटून फ्लाय-हाफवर धावून येणाऱ्या फॉरवर्डला, एव्हाना वाटू लागते की आज हा माणूस धावणारच नाही, आणि तो अर्धे पाऊल उशिरा निघतो. काइल त्या अर्ध्या पावलासाठीच थांबलेले असत. त्यांचे मोठेपण मोजायचे तर ट्राय मोजण्यापेक्षा त्यांनी न धावता सोडलेल्या संधी मोजायला हव्यात असे मला वाटते, पण असा तक्ता कोणी ठेवत नाही.

१९४८ साली नेमके काय घडले?

आयर्लंडने त्या वर्षी फ्रान्स, इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स या चारही प्रतिस्पर्ध्यांना हरवले. या यशाला आज ग्रँड स्लॅम म्हणतात, पण तो शब्द रग्बीत तेव्हा रुळलेला नव्हता. लोकांच्या तोंडी होता तो ट्रिपल क्राउन, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स या तिघांवर एकाच हंगामात मिळवलेला विजय. आयर्लंडने तो १८९९ नंतर मिळवलेला नव्हता.

सुरुवात नववर्षाच्या पहिल्याच दिवशी पॅरिसमध्ये झाली आणि आयर्लंडने फ्रान्सला १३–६ असे हरवले. त्यानंतर कर्णधार बदलून ही जबाबदारी हुकर, म्हणजे स्क्रमच्या पुढच्या रांगेत मधोमध असणारे, कार्ल मलन यांच्याकडे आली. ट्विकेनहॅमवर इंग्लंडविरुद्ध काइल यांनी ट्राय केला, पण त्यांचाच एक पास इंग्लंडच्या डिकी गेस्ट यांनी मध्येच पकडला आणि थेट गोलरेषा गाठली. सामना ११–१० असा एका गुणाने वाचला. पुढे कित्येक वर्षांनीही काइल स्वतः त्या चुकलेल्या पासची आठवण काढत. डब्लिनमध्ये स्कॉटलंडला ६–० असे हरवताना दोनपैकी एक ट्राय काइल यांचा होता.

शेवटचा सामना १३ मार्च रोजी बेलफास्टच्या रेव्हनहिल मैदानावर, म्हणजे काइल यांच्या स्वतःच्या शहरात झाला. बार्नी मलन यांच्या ट्रायला वेल्सच्या ब्लेडिन विल्यम्स यांनी ट्रायनेच उत्तर दिले आणि मध्यंतराला ३–३ अशी बरोबरी होती. उत्तरार्धात आयर्लंडच्या फॉरवर्डांनी चेंडू पायाने ढकलत मुसंडी मारली आणि प्रॉप जॅक डॅली यांनी चेंडूवर झेप घेऊन विजयी ट्राय केला. सामना संपताच प्रेक्षक मैदानात घुसले, डॅलींना खांद्यावर घेतले आणि आठवण म्हणून त्यांच्या अंगावरच्या जर्सीच्या चिंध्या करून वाटून घेतल्या. घरच्या मैदानावर, घरच्या लोकांसमोर मिळालेल्या या विजयात काइल यांच्या नावावर एकही गुण नाही. हे लक्षात घेण्यासारखे आहे, कारण त्या दुपारी चेंडू कुठे टाकायचा हे बव्हंशी तेच ठरवत होते.

हे यश एका वर्षापुरतेच होते का?

नाही. १९४९ साली फ्रान्सकडून हरूनही आयर्लंडने ट्रिपल क्राउन राखला. त्यातला निर्णायक ट्राय स्वानसी येथे वेल्सविरुद्ध झाला : काइल यांनी चेंडू उंच उडवला आणि कॉर्कच्या जिम मॅकार्थी यांनी धावत जाऊन तो गोलरेषेवर झेलला. मॅकार्थी, बिल मॅके आणि डेस ओब्रायन या फॉरवर्डांच्या मागच्या फळीतल्या तिघांचा उल्लेख काइल यांच्या बाबतीत टाळताच येत नाही. काइल निसटले की मॅकार्थी त्यांच्या खांद्याशी हजर असत.

१९५१ साली आयर्लंड पुन्हा विजेता ठरला, पण कार्डिफमध्ये वेल्सशी ३–३ अशी बरोबरी झाल्याने चौथा विजय हुकला. त्या दिवशी वेल्सने क्लिफ मॉर्गन नावाच्या तरुण फ्लाय-हाफला पहिली संधी दिली होती. पुढे स्वतः फार मोठे झालेल्या या खेळाडूचा आदर्श काइल हेच होते, आणि आदर्शाला अडवण्याचे काम त्याच्याच गळ्यात पडले. बराच वेळ ते त्याने नीट पार पाडले. मग एकदा तो किंचित ढिला पडला, आणि आयर्लंडचा त्या सामन्यातला एकमेव ट्राय काइल यांच्या नावावर लागला.

त्यांच्यावर कविता केली गेली होती, हे खरे का?

खरे आहे, पण तिला कवितेपेक्षा विडंबन म्हणणे योग्य. १९५३ साली रेव्हनहिलवर आयर्लंडने फ्रान्सचा १६–३ असा पराभव केला. त्या सामन्यात काइल यांनी फ्रेंच बचावपटूंना एकामागून एक चकवत केलेला ट्राय पाहून एका पत्रकाराला फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातल्या, कोणाच्याच हाती न लागणाऱ्या एका काल्पनिक नायकावरच्या इंग्रजी ओळी आठवल्या आणि त्याने त्यात काइल यांचे नाव बसवले. फ्रेंच लोक इकडे शोधतात, तिकडे शोधतात, पण हा गडी सापडत नाही, असा त्यांचा आशय होता. शोधणारे तिथेही फ्रेंच आणि इथेही फ्रेंच, त्यामुळे विनोद चांगलाच जमला आणि त्या ओळी काइल यांना आयुष्यभर चिकटल्या.

लायन्सच्या १९५० च्या दौऱ्यात त्यांची कामगिरी कशी होती?

महायुद्धानंतरचा हा लायन्सचा पहिला दौरा होता आणि कर्णधार पुन्हा कार्ल मलनच होते. लायन्सची आज ओळखीची झालेली लाल जर्सी याच दौऱ्यापासून सुरू झाली. संघ जहाजाने पनामामार्गे न्यूझीलंडला गेला. दौऱ्यावर निघायचे म्हणजे जवळपास सहा महिने घराबाहेर राहायचे, आणि काइल तर तेव्हा वैद्यकीय शिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यात होते.

डनेडिन येथील पहिली कसोटी ९–९ अशी बरोबरीत सुटली आणि त्यात काइल यांचा ट्राय होता. उरलेल्या तिन्ही कसोटी न्यूझीलंडने जिंकल्या, पण त्यातली एकही एकतर्फी झाली नाही. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या दोन्ही कसोटी मात्र लायन्सने सहज जिंकल्या. न्यूझीलंडच्या रग्बी वार्षिकाने वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत काइल यांचे नाव घातले. ज्या देशाला रग्बीत पाहुण्यांचे कौतुक करण्याची फारशी सवय नाही त्याने दिलेली ही पावती होती. १९५५ च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यावर ते गेले नाहीत. तिथे फ्लाय-हाफची जागा क्लिफ मॉर्गन यांनी गाजवली.

खेळातून त्यांना पैसा मिळत होता का?

रग्बी युनियन हा १९९५ पर्यंत हौशी खेळ होता आणि या हौशीपणाचा पहारा फार कडक असे. रग्बी लीग या व्यावसायिक प्रकाराकडे जो गेला त्याला युनियनची दारे बंद होत. १९४८ चा विजयी ट्राय करणारे जॅक डॅली पुढे हडर्सफील्डच्या लीग संघाकडे गेले आणि ज्या खेळाने त्यांना खांद्यावर घेतले होते त्यात त्यांना पुन्हा स्थान उरले नाही. हा नियम मला अन्यायाचा वाटतो. डॉक्टर होऊ घातलेल्या विद्यार्थ्याला हौशीपणा जितका सहज परवडतो, तितका तो हातावर पोट असलेल्याला परवडत नाही. काइल, कार्ल मलन आणि मॅके हे तिघेही वैद्यकीय व्यवसायात गेले, हा निव्वळ योगायोग नव्हे.

काइल बेलफास्टचे, म्हणजे ब्रिटिश अमलाखालच्या उत्तर आयर्लंडचे. मग ते आयर्लंडकडून कसे खेळले?

१९२० च्या दशकाच्या आरंभी आयर्लंडची फाळणी झाली, पण आयरिश रग्बी संघटनेने स्वतःची फाळणी होऊ दिली नाही. फुटबॉलमध्ये दोन वेगळे संघ झाले, रग्बीत मात्र संपूर्ण बेटाचा एकच संघ राहिला आणि तो आजही तसाच आहे. त्यामुळे बेलफास्टचे काइल आणि कॉर्कचे मॅकार्थी एकाच हिरव्या जर्सीत खेळले, आणि १९४९ साली दक्षिणेकडचे राज्य प्रजासत्ताक झाल्यावरही खेळत राहिले. राष्ट्रगीत कोणते वाजवायचे यावरून १९५४ साली बेलफास्टच्या सामन्याआधी दक्षिणेकडच्या खेळाडूंनी हरकत घेतली होती. त्यानंतर अनेक दशके मोठे सामने डब्लिनलाच होत राहिले. म्हणजे रेव्हनहिलसारखा दिवस पुढच्या पिढ्यांतल्या बेलफास्टकरांच्या वाट्याला आला नाही.

निवृत्तीनंतर ते कुठे गेले?

१९५८ च्या जानेवारीत आयर्लंडने ऑस्ट्रेलियाला ९–६ असे हरवले. मोठ्या पाहुण्या संघावर आयर्लंडचा तो पहिलाच विजय होता आणि शेवटच्या क्षणांतला ट्राय काइल यांच्या बहिणीचे यजमान नोएल हेंडरसन यांनी केला होता. काही आठवड्यांनी काइल यांनी आंतरराष्ट्रीय खेळ थांबवला. त्यांच्या तोडीच्या खेळाडूला पुढे निवड समिती, स्तंभलेखन, मेजवान्यांतली भाषणे असा आरामशीर मार्ग मोकळा होता. काइल १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इंडोनेशियातल्या सुमात्रा येथे डॉक्टर म्हणून काम करून आले आणि १९६६ साली झांबियातल्या चिंगोला या गावी सर्जन म्हणून रुजू झाले. तिथे ते २००० सालापर्यंत, म्हणजे तब्बल ३४ वर्षे राहिले.

चिंगोला हे तांब्याच्या पट्ट्यातले गाव आहे. शेजारीच एन्चांगाची अवाढव्य उघडी खाण आहे. झांबिया १९६४ साली स्वतंत्र झाला तेव्हा देशात प्रशिक्षित डॉक्टर अगदी मोजके होते. अशा ठिकाणी सर्जनला आपली एकच शाखा धरून बसता येत नाही. हर्निया, मोडलेले हाड, अडलेली बाळंतीण, खाणीतल्या अपघातात चिरडलेला हात असे सगळे त्याच टेबलावर येते, आणि आपल्याला जमणार नाही म्हणून पुढे पाठवायला जवळ दुसरा कोणी नसतो. फ्लाय-हाफच्या जागेशी याची तुलना करण्याचा मोह बऱ्याच लेखकांना झाला आहे. मला ती तुलना ओढूनताणून आणलेली वाटते. रेव्हनहिलवर चुकलेला पास फार तर तीन-पाच गुणांना पडे.

त्यांना कोणते सन्मान मिळाले?

ब्रिटिश सरकारने १९५९ साली ओबीई हा किताब दिला. १९९९ साली आंतरराष्ट्रीय रग्बी हॉल ऑफ फेममध्ये आणि २००८ साली जागतिक संघटनेच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. २००२ साली आयरिश संघटनेने त्यांना आयर्लंडचा सर्वकालीन श्रेष्ठ खेळाडू म्हणून निवडले. क्वीन्स विद्यापीठाने मानद पदवी दिली, आणि तिथल्या रग्बीपटूंसाठी त्यांच्या नावाची शिष्यवृत्तीही आहे.

२००९ च्या सामन्याशी त्यांचे नाव का जोडले जाते?

कारण १९४८ नंतर आयर्लंडला दुसरा ग्रँड स्लॅम मिळायला ६१ वर्षे लागली. २१ मार्च २००९ रोजी कार्डिफमध्ये रोनन ओगारा यांच्या ड्रॉप गोलने आयर्लंडला १७–१५ अशी आघाडी मिळाली. अखेरच्या क्षणी वेल्सच्या स्टीफन जोन्स यांनी मारलेली पेनल्टी गोलपर्यंत पोहोचली नाही. प्रेक्षकांत ८३ वर्षांचे काइल होते आणि सामन्यानंतर कर्णधार ब्रायन ओड्रिस्कॉल यांची त्यांच्याशी भेट झाली. मधल्या सहा दशकांत प्रत्येक हुकलेल्या संधीनंतर पत्रकार १९४८ च्या खेळाडूंना गाठत आले होते. कार्ल मलन त्यानंतर जेमतेम महिनाभर जगले. पण आपल्यानंतर हे यश दुसऱ्यांच्याही वाट्याला आले, हे त्यांना पाहता आले.

भारताशी या गोष्टीचा काही संबंध आहे का?

काइल यांचा थेट संबंध नाही, आणि ओढूनताणून जोडण्यात अर्थ नाही. पण १९५० च्या लायन्सने परतीच्या वाटेवर कोलंबोला थांबून सिलोनच्या संघाशी सामना खेळला होता, म्हणजे ते आपल्या दारावरून गेले होते. इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्या चषकासाठी झुंजतात तो कलकत्ता कप तर आपल्याच रुपयांचा आहे : कलकत्त्याचा रग्बी क्लब बंद पडला तेव्हा सभासदांनी खात्यातले चांदीचे रुपये काढून वितळवले आणि तो घडवून घेतला. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर रग्बी पिढ्यान्‌पिढ्या खेळला जात आला आहे, पण आझाद मैदानाच्या त्या टोकाला क्रिकेटवरून नजर हटवून पाहणारे नेहमी थोडेच.

त्या काळच्या जुन्या चित्रफिती पाहायला मिळाल्या तर काय पाहावे?

न्यूजरीलमधले तुकडे अर्ध्या-एक मिनिटाचे असतात आणि कॅमेरा बहुतेक वेळ चेंडूमागे धावतो. काइल यांना पाहायचे असेल तर चेंडूकडे पाहू नये. स्क्रमच्या मागे थोड्या अंतरावर, हात सैल सोडून, जणू या गर्दीशी आपला काही संबंध नाही अशा थाटात जो उभा दिसेल, त्याच्यावर नजर ठेवावी. बहुधा तो चेंडू घेईल, टचबाहेर मारेल आणि तुकडा संपेल. तुकडा पुन्हा लावावा, आणि या वेळी त्याला अडवायला निघालेल्या फ्लँकरचे पाय पाहावेत.